तुमचे प्रश्न: जोन ऑफ आर्कचं गाव दोंरेमी

मागच्या अंकात जोन ऑफ आर्कवर, म्हणजे पंधराव्या शतकात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या फ्रेंच मुलीवर, एक छोटी चौकट आली होती, त्यात तिच्या गावाचं नाव फक्त एकदाच होतं, पण त्या एका नावावरून इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्या गावालाच द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत. गाव माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे त्यामुळे दोन-तीन उत्तरं चांगलीच लांबलीत.

प्रश्न: ताई, मुलीला शाळेत जोन ऑफ आर्कवर प्रोजेक्ट आहे. मॅपवर दोंरेमी टाकलं की वेगवेगळी गावं येतात. त्यातलं खरं कुठलं? आणि ते डोंगरात आहे की सपाटीवर?

तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण फ्रान्सच्या त्या ईशान्य कोपऱ्यात दोंरेमी नावाची गावं एकाहून जास्त आहेत. हे नाव आलंय संत रेमीवरून, म्हणजे रेंस शहराचे ते बिशप ज्यांनी फ्रँक लोकांच्या क्लोव्हिस राजाला बाप्तिस्मा दिला. लॅटिनमध्ये डोमिनुस रेमिगियुस, लोकांच्या तोंडी घासून घासून त्याचं झालं दोंरेमी. मग ओळखायला मागे काहीतरी जोडावं लागतं, एक दोंरेमी-लांदेव्हिल आहे, एक दोंरेमी-ला-कान आहे, आणि तुम्हाला हवंय ते दोंरेमी-ला-प्युसेल. प्युसेल म्हणजे कुमारिका. जोन स्वतःला 'जान ला प्युसेल' म्हणवून घ्यायची, तेच आता गावाच्या नावात आहे.

गाव व्होज डिपार्टमेंटमध्ये (आपल्या जिल्ह्यासारखं) येतं. व्होज हे खरं तर डोंगररांगेचं नाव, त्यामुळे प्रोजेक्टमध्ये पुष्कळ जण मागे उंच डोंगर काढतात, तसं करू नका, कारण ते डोंगर पूर्वेला खूप लांब राहिले, हे गाव पश्चिमेकडच्या सखल भागात आहे, जिथं नुसत्या बुटक्या चुनखडीच्या टेकड्या, टेकड्यांवर झाडी आणि खाली म्यूझ नदीचं रुंद सपाट खोरं. व्हितेल नावाच्या पाण्याच्या बाटल्या पाहिल्या असतील, ते व्हितेल याच सखल भागातलं. दोंरेमी म्यूझच्या डाव्या काठाला. वरच्या अंगाला दहाएक किलोमीटरवर नफशातो हे बाजाराचं गाव, खालच्या अंगाला साधारण वीस किलोमीटरवर व्होकुलर, आणि अगदी खेटून ग्रो नावाचं छोटं गाव. ही चार-पाच नावं मुलीला नकाशात नीट मार्क करायला सांगा, पुढची सगळी गोष्ट त्यांच्यातच घडते.

नदीचं एक सांगायलाच हवं. म्यूझ इथून उत्तरेला जाते, मग बेल्जियम, मग नेदरलँड्स (तिकडे तिचं नाव मास) आणि शेवटी नॉर्थ सी. एवढी मोठी नदी, पण नफशातोच्या जरा वर बाझ्वाय गावाजवळ उन्हाळ्यात ती चक्क गायब होते, पात्रात दगडगोटे उघडे पडतात, पाणी चुनखडीच्या भेगांमधून जमिनीखाली जातं आणि काही किलोमीटर पुढे नफशातोपाशी परत वर येतं. प्रोजेक्टमध्ये हे नक्की घाला, मुलांना आवडेल.

प्रश्न: प्रत्येक ठिकाणी 'दोंरेमी हे एक कम्यून आहे' असं लिहिलेलं असतं. कम्यून म्हणजे तिथे लोक एकत्र राहून सगळं वाटून घेतात असं काही आहे का?

नाही नाही, तो अर्थ इथे लागू नाही. फ्रान्समध्ये कम्यून म्हणजे कारभाराचं सगळ्यात खालचं युनिट, मग ते पॅरिस असो नाहीतर शंभर डोक्यांचं खेडं, कायद्याने दोन्ही कम्यूनच. क्रांतीच्या वर्षी, डिसेंबर १७८९ मध्ये, ही रचना केली आणि बहुतेक ठिकाणी जुनी चर्चची हद्द म्हणजे पॅरिश तीच कम्यूनची हद्द झाली, म्हणून त्या देशात आजही जवळपास ३५,००० कम्यून आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त कम्यूनमध्ये ५०० माणसंसुद्धा नाहीत. दोंरेमी तर दीडशेच्याही आत आहे.

तरी त्याला स्वतःचा मेयर आहे, कौन्सिल आहे, गावचं ऑफिस आहे. शंभराच्या आतल्या गावाला ७ सदस्य, १०० ते ४९९ ला ११, मुदत ६ वर्षं, लोक कौन्सिल निवडतात आणि कौन्सिल आपल्यातून मेयर निवडतं. जन्म-मृत्यूची नोंद आणि लग्न लावणं हे मेयरचं काम, १७९२ पर्यंत ते चर्चकडे होतं.

प्रश्न: एका आडगावातली, मेंढ्या राखणारी, अक्षरओळख नसलेली पोर. तिला राजा कोण, इंग्रज कुठे, युद्ध कशाला चाललंय हे कळलं तरी कसं? मला हे कधीच पटलेलं नाही. चमत्कार म्हणून सोडून द्यायचं का?

तुमच्या प्रश्नातला 'आडगाव' हा शब्दच मला खोडायचाय. दोंरेमी लहान होतं, पण आडबाजूला अजिबात नव्हतं, ते बरोब्बर बॉर्डरवर होतं, आणि बॉर्डरवरच्या माणसाला राजकारण शिकवावं लागत नाही, ते रात्री दार वाजवत घरात येतं.

नकाशा परत समोर घ्या. फ्रान्सचं राज्य आणि जर्मन राजांचं पवित्र रोमन साम्राज्य यांच्यातली जुनी सीमा म्हणजे ढोबळमानाने चार नद्या, त्यातली एक म्यूझ. म्हणजे दोंरेमीच्या कुरणात उभं राहून पलीकडच्या काठाकडे बघितलं की कागदोपत्री दुसरं जग सुरू. हे झालं मोठ्या राज्यांचं. त्यात पुन्हा गावातूनच एक ओढा वाहायचा आणि तोच गावाची वाटणी करायचा, एका अंगाचा भाग बारच्या ड्यूकच्या अमलाखाली (ड्यूक या भागापुरता फ्रान्सच्या राजाचा मांडलिक) आणि दुसऱ्या अंगाचा भाग थेट राजाच्या मुलखात. जोनचं घर ओढ्याच्या कुठल्या अंगाला होतं, म्हणजे ती लोरेनची (बारच्या बाजूची) की शाम्पेनची (राजाच्या बाजूची), यावर इतिहासकारांनी पानंच्या पानं वाद घातलाय. आणि नफशातो लोरेनच्या ड्यूकचं. म्हणजे बाजाराला जायचं तर एकाच्या मुलखातून दुसऱ्याच्या मुलखात, वाटेत कोणाचे सैनिक भेटतील ते आज कोण जिंकलंय त्यावर.

जोनच्या बोलण्यातसुद्धा ही बॉर्डर ऐकू येते बघा. १४३१ मध्ये इंग्रजांच्या ताब्यातल्या रुआं शहरात तिच्यावर चर्चचा खटला चालला, त्या कोर्टात तिला नाव विचारलं तर ती म्हणाली, माझ्या गावाकडे मला जानेत म्हणायचे आणि फ्रान्समध्ये आल्यापासून जान म्हणतात. 'फ्रान्समध्ये आल्यापासून'! जिला सगळा फ्रान्स आपली लेक मानतो तिच्या तोंडी फ्रान्स म्हणजे आपलं गाव सोडून पुढे लागणारा मुलूख. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा मागे जाऊन वाचलं होतं.

आता युद्धाचं. १४२० मध्ये त्र्वा शहरात तह झाला, मनाचा तोल गेलेल्या फ्रान्सच्या राजाने स्वतःच्या मुलाला बाजूला सारून इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीला वारस केलं, बर्गंडीचा ड्यूक इंग्रजांबरोबर, आणि बाजूला पडलेला राजपुत्र शार्ल लोआर नदीच्या खाली सरकला. आजूबाजूचा बराचसा मुलूख बर्गंडीकडे गेला पण व्होकुलर मात्र राजपुत्राशी इमान धरून होतं, तिथे रोबेर द बोद्रिकूर नावाचा कॅप्टन होता. दोंरेमीची माणसं राजपुत्राच्या बाजूची. नदीपलीकडचं माक्से गाव बर्गंडीच्या बाजूचं. दोन गावांमध्ये चालत जाण्याएवढंच अंतर, आणि पोरापोरांच्या मारामाऱ्या व्हायच्या, त्या जोनने कोर्टात सांगितल्यात, आमच्याकडचे काही जण माक्सेवाल्यांशी भांडून जखमी होऊन, रक्त गळत घरी यायचे ते मी पाहिलंय म्हणाली. म्हणजे युद्ध कशासाठी हे तिला समजावून सांगायला कुणाची गरजच नव्हती.

मेंढ्यांचं पण तिनेच खोडलंय. लहानपणी गुरांमागे जायचे की नाही ते आठवत नाही, पण कळती झाल्यावर बहुतेक नाही, शिवण आणि सूतकताई मात्र मला येते, त्यात रुआंच्या कुठल्याही बाईला मी हार जाणार नाही, असं ती ठासून म्हणाली. आणि गुरांच्या उत्तरात एक बारीकशी गोष्ट आहे, गुरं कुरणात न्यायला आणि 'बेट' नावाच्या किल्ल्यात न्यायला मी मदत करायचे, सैनिकांच्या भीतीने. हा किल्ला म्हणजे म्यूझच्या पात्रातल्या बेटावरची जुनी गढी. ती जोनच्या वडिलांनी, जाक दार्क यांनी, गावातल्या आणखी एकाबरोबर मिळून नऊ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतली होती, दुसरीतिसरी कशासाठी नाही तर धाड आली की गावची गुरं आत ढकलून दार लावून घेता यावं म्हणून. जोन तेव्हा आठेक वर्षांची असेल. बाहेर धूळ दिसली की मोठ्यांची धावपळ, गाईंना हाकत नदीच्या दिशेने पळणारी पोरं, हेच तिचं लहानपण. १४२५ मध्ये एका लुटारू सरदाराच्या माणसांनी गावची गुरं नेलीच, पुढे शेजारच्या एका काउंटने माणसं पाठवून ती सोडवली. गाव पूर्ण कंगाल झालं असतं.

आणि मग १४२८ चा जुलै. बर्गंडीच्या बाजूची फौज व्होकुलर घ्यायला निघाली तेव्हा अख्खं दोंरेमी गुरंढोरं घेऊन नफशातोला पळालं, जोनचं कुटुंब तिथे ला रूस नावाच्या बाईच्या घरी पंधराएक दिवस होतं. परत आले तर गाव जळालेलं, चर्चसुद्धा, म्हणून सणावाराला प्रार्थनेला ग्रोला जावं लागायचं. त्याच वर्षी मे महिन्यात ती एकदा व्होकुलरला बोद्रिकूरकडे जाऊन आली होती आणि त्याने तिला परत धाडलं होतं. १४२९ च्या सुरुवातीला ती पुन्हा गेली आणि फेब्रुवारीत तिथून राजपुत्राकडे शिनोंला निघाली, ती आई-वडिलांच्या घरी परत आलीच नाही.

तिला संतांचे म्हणून जे आवाज ऐकू यायचे त्याबद्दल तुम्ही काय मानायचं ते तुमच्यावर, मी त्यात पडत नाही. पण 'तिला कळलं कसं' याला चमत्कार लागत नाही, नदी आणि ओढा पुरेसा आहे.

प्रश्न: जोनने राजाकडे स्वतःसाठी काहीच मागितलं नाही, फक्त गावाचा टॅक्स माफ करून घेतला असं वाचलं. खरं आहे का, की नंतर रचलेली गोष्ट?

खरं आहे, कागद आहे त्याचा. इंग्रजांनी ऑर्लेआं शहराला घातलेला वेढा जोन तिथे पोचल्यावर मे १४२९ मध्ये उठला, १७ जुलैला रेंसच्या कॅथेड्रलमध्ये शार्लचा राज्याभिषेक झाला, आणि त्यासाठी जोनचे वडील एवढा लांब प्रवास करून रेंसला आले होते, एका खाणावळीत उतरले होते आणि त्यांचा राहण्याचा खर्च दिल्याची नोंद आहे. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३१ जुलैला, राजाने जोनच्या विनंतीवरून ग्रो आणि दोंरेमी या दोन्ही गावांना सगळे कर माफ केल्याचं फर्मान काढलं. वडिलांची आणि तिची भेट त्या दिवसांतच झाली असणार, आणि ती बातचीत गावाच्या करापर्यंत गेली असणार असं मला मनापासून वाटतं, कारण जाक दार्क गावच्या कारभारातले होते, वसुली म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि गाव आदल्याच वर्षी जळालेलं होतं.

पुढे कराच्या वह्यांमध्ये या गावांच्या नावापुढे रकमेच्या जागी लिहिलेलं असायचं 'नेआं, ला प्युसेल', म्हणजे 'काही नाही, ती कुमारिका'. बाकी गावांपुढे आकडे आणि इथे हे दोन शब्द. ही सवलत क्रांतीपर्यंत चालली असं सरसकट लिहितात, पण ते दोन्ही गावांबद्दल खरं नाही. सोळाव्या शतकात दोंरेमी लोरेनच्या ड्यूकच्या ताब्यात गेलं आणि फ्रान्सच्या राजाची माफी तिथे लागू राहिली नाही, शेजारच्या ग्रोला मात्र ती बराच काळ मिळत राहिली. म्हणजे तिच्या नावाचं गाव त्या सवलतीला मुकलं आणि खेटून असलेल्या गावाला ती मिळत राहिली, कारण पुन्हा तेच, बॉर्डर. लोरेन स्वतः फ्रान्समध्ये सामील झालं ते १७६६ मध्ये.

प्रश्न: आम्ही पुढच्या वर्षी फ्रान्सला चाललोय. दोंरेमीमध्ये जोनच्या काळातलं खरंखुरं काय उरलंय? नुसतं पर्यटकांसाठी उभं केलेलं बघायला जायचं नाहीये.

घर आहे. चर्चला लागूनच. बाहेरून जरा चमत्कारिक दिसतं कारण छप्पर दोन्हीकडे उतरत नाही, एकाच बाजूला तिरकं घसरत गेलंय, जणू अर्धं घर कापून नेलंय. आत खाली चार खोल्या, त्यातली चर्चच्या बाजूची एक अंधारी खोली जोनची म्हणून दाखवतात. घराला नंतर बरेच हात लागलेत हे डोक्यात ठेवून बघा. दारावर कोरीव दगड आहे, त्यात ढाली आणि १४८१ हे साल, म्हणजे ती गेल्यानंतर पन्नास वर्षांनी बसवलेला, आणि त्यावर कोरलंय 'श्रमाचा विजय असो, राजा लुईचा विजय असो'. घाई न करता हा दगड जवळून बघा, राजाच्या आधी श्रमाचं नाव आहे.

१५८० मध्ये लेखक मॉंतेन प्रवासात इथून गेला तेव्हा घराच्या दर्शनी भिंतीवर तिच्या पराक्रमाची चित्रं रंगवलेली होती, काळाने फार खराब झालीत असं त्याने लिहून ठेवलंय, आज त्यातलं काही नाही. मधल्या काळात घर साध्या शेतकरी कुटुंबाकडे राहिलं. १८१८ मध्ये व्होज डिपार्टमेंटने ते घरमालकाकडून अडीच हजार फ्रँकला विकत घेतलं, आणि त्याआधी एका परदेशी माणसाने याहून मोठी रक्कम देऊ केली होती ती त्या म्हाताऱ्याने नाकारली होती असं सांगतात. तेव्हापासून घर सार्वजनिक मालकीचं आहे.

चर्च संत रेमीचंच. त्यात जुनं दगडी बाप्तिस्म्याचं कुंड आहे, जोनचा बाप्तिस्मा याच कुंडात झाला असं गाव मानतं. एक गंमत लक्षात ठेवा, एकोणिसाव्या शतकात या चर्चची दिशाच उलटी केली, आज तुम्ही ज्या बाजूने आत शिरता तिथे जोनच्या काळात वेदी होती. आत शिरून जरा थांबा आणि मनातल्या मनात सगळं फिरवून घ्या.

टेकडीवर दिसतं ते मोठं बॅसिलिका, म्हणजे खास मान असलेलं चर्च, मात्र नवं, बांधकाम १८८१ मध्ये सुरू झालं आणि प्रतिष्ठापना १९२६ मध्ये, मधल्या काळात १९२० साली जोनला संतपद मिळालं. तुम्हाला नुसतं जुनंच बघायचं असेल तर ते सोडलं तरी चालेल, पण त्या जागेपर्यंत चालत जाच. गावापासून दीड-दोन किलोमीटर. ते रान म्हणजे ब्वा-शेन्यू, ओकचं जंगल, माझ्या वडिलांच्या दारातून दिसतं असं जोनने कोर्टात सांगितलं होतं ते हेच. टेकडीवरून खाली म्यूझची वळणं, कुरणं, पलीकडचं माक्से सगळं एका नजरेत येतं आणि वरच्या लांबलचक उत्तरात मी जे लिहिलंय ते दोन मिनिटांत कळतं.

पऱ्यांचं झाड शोधू नका, ते राहिलेलं नाही. मोठं बीचचं झाड होतं, जवळ झरा, लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातल्या) चौथ्या रविवारी गावातली पोरं भाकऱ्या, म्हणजे घरच्या भट्टीतले पाव, घेऊन त्याच्याखाली खायला जायची, नाचायची, झऱ्याचं पाणी प्यायची. एवढ्याशा गावजत्रेवरून कोर्टाने तिला खोदून खोदून विचारलं होतं, जादूटोण्याचा आरोप सिद्ध करायला.

प्रश्न: तिला जाळल्यावर गावातल्या लोकांचं काय म्हणणं होतं? राजे, बिशप, सरदार यांचंच सगळं लिहिलेलं असतं. गावकऱ्यांचं कुणी विचारलं का कधी?

विचारलं, आणि लिहूनही ठेवलं. ३० मे १४३१ ला रुआंमध्ये तिला जाळलं. पंचवीस वर्षांनी तो खटला परत उघडला, जुलै १४५६ मध्ये जुना निकाल रद्द झाला, आणि त्याआधी त्याच वर्षाच्या सुरुवातीला, थंडीत, चौकशी करणारे खुद्द दोंरेमीत आले होते. दोंरेमी, व्होकुलर आणि जवळचं तूल शहर मिळून तीसहून जास्त जणांच्या जबान्या झाल्या, शेतकरी, पाद्री, सरदार, तिच्या बरोबरीच्या बायका. त्या काळात खेड्यातल्या साध्या माणसांचं बोलणं एवढं नीट लिहून ठेवलेलं फार क्वचित सापडतं.

घंटा वाजवणारा पेरँ द्रापिए सांगतो, संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा वाजवायला मी विसरलो की ती मला रागवायची, हे बरं केलं नाहीस म्हणायची, आणि नीट वाजवशील तर तुला काहीतरी देईन असं कबूल करायची. काही जण सांगतात ती घंटा ऐकली की शेतात असली तरी गुडघे टेकायची. कुणी सांगतं चांगली राबायची, कुणी सांगतं गरिबाला आपली झोपायची जागा देऊन स्वतः चुलीपाशी झोपायची.

तिच्या दोन मैत्रिणी होत्या. मेंजेतचा निरोप जोनने जाताना घेतला, तुला देवाच्या हवाली करते म्हणाली. ओव्हिएतला तिने काहीच सांगितलं नाही. ओव्हिएत जबानीच्या वेळी पंचेचाळिशीची बाई होती, तिने सांगितलं की आम्ही लहानपणी तिच्या वडिलांच्या घरी एकत्र झोपायचो, मजेत राहायचो, ती कधी गेली ते मला कळलं नाही आणि त्यावरून मी खूप रडले, कारण ती फार चांगली होती आणि माझी मैत्रीण होती.

तोपर्यंत सगळा मुलूख तिला ला प्युसेल म्हणत होता. या गावातल्या जबान्यांत मात्र ती जानेतच आहे.